रात्री पोराला उचललं आणि हातात वकील नाही, तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी एका मावशींचा फोन आला. धाकट्याला मोटारपंपाच्या चोरीत रात्री अटक झाली होती, आणि गावातल्या कुणा जाणत्यानं सांगितलं होतं की आज कोर्टाला सुट्टी, उद्या बघू. मी म्हटलं, मावशी, सुट्टी कोर्टाला असते, रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायच्या हजेरीला, नसते. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. रविवारी साहेबांच्या बंगल्यावर नेतात.

म्हणून पहिलं काम: ठाण्यात जाऊन अटकेची वेळ, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि कुठे हजर करणार हे विचारा, आणि कागदावर लिहून घ्या. डोक्यात ठेवू नका, त्या दिवशी डोकं चालत नाही. अटक का केली हे आरोपीला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

दुसरं काम: 15100 वर फोन करा. ही विधी सेवेची, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी व्यवस्थेची, हेल्पलाइन. नाहीतर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती गाठा. अनेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील फक्त आरोपींचीच कामं बघतात. उत्पन्नाचा दाखला शोधत बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

आता एक चूक, जी मी दर महिन्याला बघतो. साहेब विचारतात, "वकील आहे का?" आणि पोरगा म्हणतो, "सरकारी वकील द्या." अहो, सरकारी वकील समोरच्या बाजूला उभा असतो, त्याच्याविरुद्ध बोलायला! म्हणायचं ते असं: "साहेब, माझी ऐपत नाही, मला विधी सेवेचा वकील द्या." हा हक्क आरोपीला पहिल्याच हजेरीत सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली म्हटलं, आणि तेही कसाबच्या खटल्यात. म्हणजे बघा, कुणाच्या निमित्तानं आपल्या पोरांच्या पदरात काय पडलं.

दुसरा प्रश्न येतो: "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे हवालदार उभा, हातात दोरी. मावशींच्या पोरानं नुसती मान हलवली. उजवा पाय टेकवत नव्हता. मी म्हटलं, साहेब, त्याला चार पावलं चालायला सांगा. तो चालला, आणि मग बोलला. साहेबांनी ते लिहून घेतलं, पुन्हा वैद्यकीय तपासणीला पाठवलं. मार बसला असेल तर तो त्याच दिवशी सांगायचा. पंधरा दिवसांनी वळही जातात आणि विश्वासही.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. कोऱ्या कागदावर सही नको. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत. पण त्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग अंगावर येतो.

"चोराचं वकीलपत्र कशाला घेता?" हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकावं लागतं. एकदा एका बारनं, म्हणजे वकिलांच्या संघटनेनं, एका आरोपीचं काम कुणी घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय. पोरगा चोर आहे की नाही हे मला त्या रविवारी माहीत नव्हतं. ठाण्यालाही नव्हतं.

मोफत मिळालेल्या वकिलानं पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मिळतो. पहिल्या रिमांडचा दिवस कॅलेंडरवर खुणेनं मांडून ठेवा: गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण ते येण्याआधी अर्ज करावा लागतो.

मावशींच्या पोराला न्यायालयीन कोठडी मिळाली त्याच दिवशी आम्ही जामिनाचा अर्ज टाकला. मंजूर झाला, आणि अडला सातबाऱ्यावर: जमीन अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. शेवटी मावशींचा भाऊ जामीनदार राहिला. तेव्हा ज्याच्या स्वतःच्या नावावर सातबारा किंवा घरपट्टीची पावती आहे असा माणूस अर्जाच्या दिवशीच हुडकून ठेवा, आधार कार्डासकट.