जुन्या मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : खोलण्याआधी आणि खोलल्यावर या चुका टाळा

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये साठच्या दशकातली शेव्हरोले इम्पाला धूळ खात उभी असते आणि ती पुन्हा चालती करताना इंजिनापेक्षा गिअरबॉक्सच अधिक छळतो. ट्रॅक्टर आणि जीपवर हात बसलेला मिस्त्री गिअर पडेना की दाते झिजले असे धरून चालतो. ऑटोमॅटिकमध्ये मात्र गिअर कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. त्यांतला कोणता फिरू द्यायचा आणि कोणता धरून ठेवायचा, हे तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच आणि बँड (फिरत्या भागाभोवतीचे पट्टे) ठरवतात. त्यामुळे तेल न पाहता पाना हातात घेणे ही पहिली चूक.

तेल पाहतानाही फसगत होते. गाडी रात्रभर उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातले) तेल खालच्या चेंबरमध्ये उतरते आणि बंद इंजिनावर डिपस्टिक जास्त पातळी दाखवते. गाडी सपाट जागी उभी करून, तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहावी. जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअरचा दांडा पार्कवर, क्रायसलरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलवर. तेल जास्त भरले तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात आणि हवा मिसळलेल्या तेलाला दाब धरवत नाही. करपट वासाचे तपकिरी तेल म्हणजे जळालेले क्लच. दुधाळ तेल म्हणजे रेडिएटरमधल्या कूलरवाटे आत शिरलेले पाणी. त्याच रेडिएटरात बोअरचे क्षारयुक्त पाणी भरत राहिल्यास आत थर बसतो आणि अकोला-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गिअरबॉक्सचे तेलही थंड होत नाही.

सर्वात महागात पडणारी चूक आमच्याकडूनच होता होता राहिली. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, गिअरबॉक्सचे तेल कमी होत होते आणि जमिनीवर मात्र थेंबही नव्हता. पिस्टनच्या रिंगा गेल्या, असे एका गॅरेजात ठामपणे सांगितले गेले आणि इंजिन उतरवण्याचा दिवसही ठरला. दोष होता व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा. १९६४ मध्ये आलेल्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० च्या बाजूला हा छोटा डबा असतो. इंजिनवर भार किती आहे हे तो व्हॅक्यूमवरून, म्हणजे रबरी नळीतून येणाऱ्या इंजिनाच्या ओढीवरून, ओळखतो आणि त्याप्रमाणे तेलाचा दाब बदलतो. आतला पडदा फाटला की इंजिन रबरी नळीतून हेच तेल ओढून जाळते. नळी काढून पाहावी. तिच्यात लाल तेल दिसले की निदान झाले, आणि एका बोल्टवर धरलेला हा डबा गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो. नळीला नुसती चीर गेली असेल, तर गिअर उशिरा आणि झटका देऊन बदलतात.

गाडी रस्त्यात थांबली की गावात ट्रॅक्टर लगेच मिळतो, पण मागची चाके जमिनीवर ठेवून टोचन करू नये. टर्बो हायड्रामॅटिकमध्ये तेलाला दाब देणारा पंप फक्त इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चाकांनी फिरवलेले भाग कोरडे घासले जातात. चाके उचलावीत किंवा गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडावा. धक्का मारून अशी गाडी सुरू होत नाही, तेही याच कारणाने.

खोलावेच लागले, तर व्हॉल्व्ह बॉडी (तेलाला वाटा दाखवणारा, व्हॉल्व्हांचा ठोकळा) सुती चिंध्यांनी पुसू नये. कापसाच्या मुलखात हे सांगणे विचित्र वाटेल, पण एक तंतूदेखील आतला व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. त्यातल्या पोलादी गोळ्या कोणत्या खाचेत होत्या, त्याचे फोटो आधीच काढावेत. नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्यात. जोडताना घाई नडते ती कन्व्हर्टरपाशी : तो फिरवत फिरवत टप्प्याटप्प्याने आत जातो आणि शेवटच्या टप्प्यावर पंपाच्या खाचांत बसतो. तो टप्पा चुकला आणि बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला भिडवला, की पंप फुटतो. बोल्ट आवळण्याआधी, गिअरबॉक्स इंजिनाला टेकवल्यावर, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या, कन्व्हर्टर जोडायच्या चकतीपासून) साधारण ३ ते ५ मिलिमीटर दूर राहिला पाहिजे. तसे नसेल तर गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा.