आयबीडीची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना संसर्ग कसे टाळावेत

आयबीडी म्हणजे आतड्याचा जुनाट दाह: क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याची सगळीच औषधे प्रतिकारशक्ती सारखी दाबत नाहीत. मेसालामिनने फारसा फरक पडत नाही. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतेच काम करते. अ‍ॅझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब आणि टोफासिटिनिब यांनी धोका वाढतो. त्यातली दोन-तीन एकत्र आली आणि जोडीला स्टेरॉइड असले, तर तो सर्वांत जास्त. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ चालू असेल, तर खालचे सगळे नियम तुम्हाला लागू आहेत असे समजा.

पहिल्या डोसाआधी

खरे काम इथेच होते, आणि घाईत राहून जाते तेही इथेच. आपल्याकडे पहिली चिंता क्षयाची. शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती पेशींची भिंत असते. ती टिकवणारा टीएनएफ हाच रेणू इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब अडवतात. भिंत ढासळली की जंतू बाहेर पडतात, बरेचदा फुप्फुसाबाहेरच. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मांटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी आधी करा. स्टेरॉइड चालू असताना मांटू खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. लहानपणच्या बीसीजीमुळे उलट खोटी पॉझिटिव्हही येते. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. सुप्त क्षय निघाला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभराने बायोलॉजिक (इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखे औषध) देतात; गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण करायचा. शिवाय आतड्याचा क्षय दुर्बिणीतून क्रोन्ससारखाच दिसतो, त्यामुळे तो नाही ना, याची खात्री उपचाराआधी व्हायला हवी.

त्याच वेळी हिपॅटायटिस बी (एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही), एचआयव्ही आणि कांजिण्यांची प्रतिपिंडे तपासून घ्या. शेतात, कुळागरात (पोफळीच्या बागेत) अनवाणी वावरणाऱ्यांनी शौचात स्ट्राँगिलॉइडिस जंत आहे का, तेही बघावे. हा जंत वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि स्टेरॉइड मिळाले की शरीरभर पसरतो.

लसींचा क्रम असा: कांजिण्या, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) यांसारख्या जिवंत लसी औषधाच्या किमान ४ आठवडे आधी. औषध सुरू झाल्यावर त्या बंद, नाकातून देतात ती फ्लूची लसही बंद. दर वर्षीचे फ्लूचे इंजेक्शन, न्यूमोकॉकल, हिपॅटायटिस बी (०, १ आणि ६ महिन्यांनी) आणि नागिणीची नवी, जिवंत नसलेली लस औषधावर असतानाही चालते. फक्त आधी घेतली तर परिणाम चांगला होतो. गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब घेतले असेल, तर प्रसूतीच्या खोलीत ते आवर्जून सांगा. आपल्याकडे बीसीजी जन्मताच टोचतात, आणि अशा बाळाला ती पहिले निदान सहा महिने द्यायची नसते.

पहिले दोन महिने

अ‍ॅझाथायोप्रिन सुरू झाले की पहिला महिना दर आठवड्याला, पुढचा महिना पंधरा दिवसांनी आणि मग दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). भारतीयांत एनयूडीटी१५ जनुकातला बदल बऱ्याच जणांत सापडतो; त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात. केस मुठीने गळू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तपासणी करा.

पावसाळा आणि माती

चिखलात उतरायचे असेल तर गमबूट आणि हातमोजे घाला, जखम झाकलेली ठेवा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि साध्या ओरखड्यातून आत शिरतो. लावणीचे काम टळतच नसेल, तर आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबद्दल डॉक्टरांना विचारा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात बोंडे गोळा करायला रानात जाणाऱ्यांना माकडतापाच्या गोचिडींचा धोका असतो. अंगभर कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा, परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा. औषध चालू असलेल्याने त्या हंगामात रानात न जाणेच बरे.

डेंग्यूत एक घोळ होतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अ‍ॅझाथायोप्रिननेही उतरतात. तापात सीबीसी काढताना औषधाचे नाव सांगितले नाही, तर अहवाल चुकीचा वाचला जातो. तापाला पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन आतड्यालाही सोसत नाही.

स्वयंपाकघर

विहिरीचे पाणी चांगले खदखदू द्या, मिनिटभर तसेच ठेवा, मग झाका. कालवे, तिसऱ्या, शिनाणे ही शिंपल्यातली मासळी कच्ची किंवा अर्धी शिजलेली अजिबात नको, आणि कालवे फोडण्याचे काम दुसऱ्याकडे द्या; शिंपल्याने कापलेल्या हातातून व्हिब्रिओ जंतू शिरतो. शिजल्यावर ज्या तिसऱ्यांचे तोंड उघडत नाही, त्या टाका. मुगागाठीतले (मोड आलेल्या मुगांच्या आमटीतले) मूग शिजलेले असतात, ते खुशाल खा. कोशिंबिरीत कच्चे मोड नकोत. सोलकढी उकळलेल्या पाण्याची आणि त्याच दिवसाची.

ताप आला तर

१००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर. स्टेरॉइडवर ताप झाकला जातो, म्हणून थंडी वाजणे, धाप लागणे, लघवीला जळजळ यांनाही तेवढेच महत्त्व द्या. इंजेक्शनची तारीख आली असेल तर आधी विचारा, मग घ्या. स्टेरॉइड मात्र एकदम थांबवू नका. अँटिबायोटिक लिहून देणाऱ्याला आपली सगळी औषधे सांगा, कारण मेथोट्रेक्सेटसोबत कोट्रायमोक्साझोल आले की रक्तपेशी धोकादायक खाली जातात.

जुलाब वाढले की आजार उसळला असे मानून घरच्या घरी स्टेरॉइड वाढवू नका. आधी शौचाची क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूसाठी तपासणी करा, आणि अहवाल येईपर्यंत लोपेरामाइड घेऊ नका. घरात कुणाला कांजिण्या आल्या आणि तुम्हाला पूर्वी झालेल्या नसतील, तर पुरळ उठायची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. प्रतिबंधक उपचार सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडतो.