स्टिकर मिळत नाहीत? मग अक्षरं कापा

स्क्रॅपबुक शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिल्याच दिवशी विचारते, "ताई, मराठी अक्षरांचे स्टिकर कुठे मिळतात?" बडोद्यात मला तरी मिळाले नाहीत. एबीसीडीचे हवे तेवढे आहेत, फोमचे, लाकडाचे, चमकीचे. आपल्याकडे नुसता क-ख-ग छापून भागत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, वर जोडाक्षरं, एवढं सगळं एका पाकिटात कोण भरणार? मग लोक 'मेमरीज' नाहीतर 'फॅमिली' चिकटवून मोकळे होतात. आजींना ते वाचता येतं हो, पण त्या तशा बोलत नाहीत.

मी ऑर्डरवर स्क्रॅपबुकं करते. बारसं, साठीशांत, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, कधी सहस्रचंद्रदर्शन. मला कामं मिळाली ती अक्षरांमुळे. फुलं, लेस, मोती सगळेच लावतात, म्हणून त्याबद्दल इथे काही सांगत नाही.

आधी मजकूर गोळा करा, कागद नंतर. फोटो आणून देणाऱ्याला विचाराल तर तो "कमाटीबाग, उन्हाळ्याची सुट्टी" एवढंच सांगेल. फोटोतल्या माणसाला विचारा, त्याहून बरं म्हणजे त्याच्या बहिणीला. एका ऑर्डरमध्ये कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीत बसलेल्या मुलाचा फोटो होता. ऑर्डर देणाऱ्यांच्या आत्याबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "दादा हसतोय बघ कसा. पायात माझ्या चपला आहेत! स्वतःच्या कुठे टाकून आला होता देव जाणे." त्या पानाचं शीर्षक 'पायात माझ्या चपला' असंच झालं. माणसं बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि लिहिताना भाषा सुधारू नका. बडोद्याच्या मराठीत गुजराती येणारच. काकू 'कंकोत्री' म्हणाल्या असतील तर पानावर कंकोत्रीच राहू द्या, तिची लग्नपत्रिका करू नका.

आता कापण्याकडे वळू. इथे आपली लिपी इंग्रजीपेक्षा सोयीची आहे, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. इंग्रजी शब्द कापला की सुटी अक्षरं हातात येतात आणि ती एका ओळीत चिकटवताना जीव जातो. मराठीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापून निघतो. फक्त ती रेघ जाड ठेवा. इंचभर उंचीच्या अक्षराला मी चार-पाच मिलिमीटरची शिरोरेषा ठेवते, नाहीतर उचलतानाच शब्द मधून दुमडतो. शब्द ट्रेसिंग पेपरवर काढा, पेपर उलटा करा आणि कार्डशीटच्या मागच्या बाजूवर उतरवा. असं केलं की पेन्सिलीच्या खुणा मागेच राहतात. 'व', 'ब', 'थ' यांच्या आतल्या पोकळ्या आधी कापायच्या, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी कापली की धरायला कागदच उरत नाही. गोलाईवर कटर वळवायचा नाही, कागद फिरवायचा. उकार आणि ऋकार जिथे अक्षराला टेकतात ती जागा नाजूक असते, तिथे रेघ मुद्दाम जाड करा. अनुस्वाराचे ठिपके सुटेच पडतात, ते डबीत जपून ठेवायचे. आंब्याच्या पानावरचा ठिपका हरवला तर खाली आबांचा फोटो शोधत बसतात लोक.

ओळींमधली जागा हा दुसरा घोळ. इंग्रजी नमुन्यावरून पान आखलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. अक्षर एक इंचाचं असेल तर वर अर्धा आणि खाली अर्धा इंच मोकळा सोडते मी. बारा इंची चौकोनी पानावर त्यामुळे शीर्षक छोटं घ्यावं लागतं, आणि ते बरंच असतं.

शिरोरेषा काढून टाकायची फॅशन आहे. दिसतं छान. पण 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' हे त्या रेघेवरच ओळखले जातात. रेघ गेली की 'भ'च्या आणि 'ध'च्या डोक्यावरची गाठ ठसठशीत काढावी लागते. आडनावात मी हा खेळ करत नाही.

घरात सून गुजराती असेल तर दोन्ही लिप्या लागतात. गुजरातीला शिरोरेषा नसल्यामुळे अक्षरं एकेक करूनच चिकटवावी लागतात आणि शेजारी मराठी शब्द असला की ती हवेत तरंगल्यासारखी दिसतात. मी गुजराती शब्दामागे रंगीत पट्टी लावते, दोन्ही एका वजनाचे वाटतात. उत्तरायणाच्या आधी गेंडीगेटला पतंगाचा कागद घेऊन ठेवते, त्याच्या पट्ट्या फार सुरेख होतात. तो पातळ असतो, खालचा रंग त्यातून दिसतो.

लांब मजकूर हाताने लिहायचा नसेल तर छापा, पण फॉन्ट निवडून. मुक्त, बलू, मोदक हे फुकट मिळतात आणि चांगले आहेत. मोदक इतका गुबगुबीत आहे की बारशाखेरीज मी तो वापरत नाही. 'ल' आणि 'श' नीट बघा. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात, भाषा मराठी निवडली तर काहींत आपोआप बदलतात. 'दुसऱ्या'तला र तुटत नाही ना, तेही पाहा. साठीच्या पुढच्या लोकांना या गोष्टी खुपतात, आणि पैसे बहुधा तेच देत असतात.

छपाई लेझर प्रिंटरवर करा. साध्या इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरते. हाताने लिहायला पिग्मेंट शाईचं पेन घ्या, बॉलपेन नको. फोटोच्या मागे तर मऊ पेन्सिलच, दाब न देता. कागद आम्लमुक्त मागा. दुकानदार "सगळा सारखाच" म्हणेल, ऐकू नका. वर्तमानपत्राचं कात्रण मूळचं लावलं तर पिवळं पडून शेजारचा फोटोही खराब करतं, चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून लावा. पणजोबांचं मोडीतलं पत्र कुणी विश्वासाने दिलं तर त्याला गोंद लागता कामा नये. स्कॅनची प्रत पानावर चिकटवा आणि मूळ पत्र मागे पाकिटात सरकवा.

बोरू वापरायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा, देवनागरीचा काप इंग्रजीच्या उलट बाजूला तिरका असतो. इंग्रजी कॅलिग्राफीचा सेट घेऊन मराठी लिहिलं की जाड रेघ भलतीकडेच येते.

क्लास लावण्याआधी अक्षरं बघायची सवय लावा. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी 1910 ची आहे. जुन्या मराठी पुस्तकांची शीर्षकपानं समोर आली की मजकूर वाचू नका, मांडणी बघा: कुठलं अक्षर मोठं, कुठे नक्षी, कुठे नुसती मोकळी जागा. फाइन आर्ट्सच्या मुलांची प्रदर्शनं लागतात तीही चुकवू नका.

पैशांचं आधीच बोला. मी पानाप्रमाणे घेते, कापलेल्या शब्दाचे वेगळे, निम्मे ॲडव्हान्स. सगळी नावं घरातल्या एका मोठ्या माणसाकडून कागदावर लिहून घेते आणि खाली सही मागते, ह्रस्वदीर्घाचा वाद तिथेच मिटतो. जोडाक्षरांच्या नावाला जास्त वेळ लागतो. 'कमल' पटकन होतं, 'ज्ञानेश्वर' होत नाही. घासाघीस करायला आलेले एक काका मला म्हणाले, "अहो, चारच तर अक्षरं आहेत!" मी कटर आणि कार्डशीट त्यांच्या पुढे ठेवलं. 'ज्ञा'पर्यंत आले आणि मुकाट्याने ॲडव्हान्स काढून दिला.