प्रागच्या सामिझदात संग्रहात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

समाजवादी चेकोस्लोव्हाकियातल्या भूमिगत साहित्यावर काम करायचं म्हणणारी मुलं हमखास विचारतात, सगळं ऑनलाइन मिळेल का? काही मिळतं. पण जमेल तसं पैसे साठवा आणि प्रागला जाऊन ते कागद हातात घ्या. सेन्सॉरला न विचारता लोकांनी घरी टंकून हातोहात पोचवलेलं हे साहित्य, यालाच सामिझदात म्हणतात. त्याची प्रत कशी तयार झाली, हे नुसता मजकूर वाचून कळत नाही.

सुरुवात ‘लिब्री प्रोहिबिती’ या ग्रंथालयापासून करा. यिर्झी ग्रुंतोराद यांनी ते १९९० मध्ये उभं केलं. ते चार्टर ७७ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी. बंदी असलेली पुस्तकं टंकून वाटणाऱ्या या माणसानं चार वर्षं तुरुंगात काढली. त्यांच्या संग्रहातली चेक आणि स्लोव्हाक सामिझदात नियतकालिकं २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. हे सरकारी दप्तर नाही, ज्यांनी जोखीम घेतली त्यांनीच जपलेलं आहे, आणि तिथे बसल्यावर हा फरक जाणवतो.

पहिल्या गठ्ठ्यातली एक प्रत अजून डोळ्यांसमोर आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, ‘ओ’चं पोट शाईनं बुजलेलं. म्हणजे ही थप्पीतली खालची प्रत. एका वेळी दहा-बारा कागद कार्बनसकट यंत्रात घालायचे तर कागद पातळ लागतो आणि बोट जोरात मारावं लागतं. म्हणून मी आधी प्रत थप्पीतली साधारण कितवी असेल ते बघते, हातानं केलेल्या दुरुस्त्या टिपते, मग वाचायला घेते. लेखक लुडविक वात्सुलीक यांच्या ‘पेतलित्से’ या सामिझदात मालिकेतल्या पुस्तकांवर लेखकाची सही आणि पुढे नक्कल करायला मनाई असल्याची ओळ दिसते. ती सोडून पुढे जाऊ नका. हे प्रकाशन नसून लेखकाचं हस्तलिखित आहे, असं सांगायची सोय त्यात होती.

राज्य सुरक्षा पोलिसांच्या फायली वेगळ्या अभिलेखागारात आहेत. नवखे बहुधा तिथूनच सुरुवात करतात, कारण फायलीत नावं, तारखा, पत्ते सगळं आयतं असतं. माझा याला ठाम विरोध आहे. अधिकाऱ्याला वरिष्ठांना काम दाखवायचं असे, खबऱ्याला आपली किंमत टिकवायची असे. ती नजर आधी डोळ्यांवर चढली की चार मित्रांची कवितावाचनाची बैठकही कटासारखी दिसायला लागते. आधी लोकांचे कागद, मग पोलिसांचे. आणि फायलीतल्या खाजगी गोष्टी, आजार, संसारातली भांडणं, प्रबंधात उतरवण्याआधी दहादा विचार करा. त्यातली बरीच माणसं हयात आहेत.

आपल्याकडच्या साठोत्तरी लघुअनियतकालिकांशी तुलना करायचा मोह मलाही झाला. पण आपल्या मंडळींची अडचण पैशांची आणि प्रस्थापित अभिरुचीची होती. तिथे टंकलेखन यंत्रामुळे घराची झडती होऊ शकत होती. तुलना करा, पण हा फरक पहिल्या पानावर मांडून.

चेक भाषेला पर्याय नाही. चार्ल्स विद्यापीठाचा उन्हाळी वर्ग बघा. बहुतेक सगळं टंकलिखित असल्यानं हस्ताक्षर लावत बसण्याचा त्रास तरी वाचतो. जायच्या कितीतरी आधी संग्रहाला पत्र लिहा, त्यात नुसता विषय कळवू नका, कुठली नियतकालिकं आणि कुठली वर्षं हवीत तेही लिहा. वाचनकक्षात पेन्सिल न्या, आणि फोटो काढण्याआधी विचारा.