बोअरच्या पाण्यातलं शिसं मोजायचं तर

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांतलं पाणी घेऊन पोरं माझ्याकडे लॅबला येतात आणि चप्पल काढायच्या आत विचारतात, "मॅडम, मशीन लावू का?" मशीन शेवटी. आधी बाटली दाखवा.

पॉलिथिनची बाटली १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवायची, मग डिआयोनाइज्ड पाण्याने विसळायची. शेतीची लाईट रात्रीची असेल तर रात्री जा. मोटर सुरू झाल्यावर १० मिनिटं पाणी वाहू द्या, नाहीतर पितळी तोटीतलं शिसं मोजून याल. जागेवरच ॲसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणा. तसं न केल्यास शिसं बाटलीलाच चिकटतं.

पिण्याच्या पाण्यात आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे शिसं लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, कॅडमियम ३. एवढं थोडं थेट दिसत नाही, म्हणून थेंबे थेंबे तळे साचे: आधी धातू इलेक्ट्रोडवर (पाण्यात बुडवलेल्या, वीज नेणाऱ्या कांडीवर) जमवायचा, मग सोडवायचा. सोडवताना जो करंट येतो तो मोजायचा. जमवायला पूर्वी इलेक्ट्रोडवर पारा लागे, आता बिस्मथ या धातूच्या थरावर भागतं.

ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकारात घासा, आरशासारखा होईपर्यंत. सेलमध्ये ५ मिली नमुना, ५ मिली ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), थोडं बिस्मथ. पीएच ४.५ आला का बघा. नमुन्यात ॲसिड आहे, बफर कमी पडू शकतो. ढवळत ठेवून उणे १.२ व्होल्टला १२० सेकंद धातू जमू द्या. ढवळणं थांबवा, १० सेकंद थांबा, मग स्क्वेअर वेव्हने, म्हणजे व्होल्टेज ठोक्याठोक्याने चढवत, सोडवा. करंटच्या आलेखात कॅडमियमचं शिखर उणे ०.८ व्होल्टच्या आसपास, शिशाचं उणे ०.५५ ला.

पहिला रन नेहमी कोऱ्या बफरचा. त्यातच शिसं दिसलं तर पुढे जाऊ नका, भांडी परत धुवा. उन्हाळ्यात पंखा बंद; आपल्याकडची धूळ सेलमध्ये पडते. घाम आला तर येऊ द्या.

डिस्टिल्ड पाण्यात काढलेला कॅलिब्रेशनचा ग्राफ बोअरच्या जड पाण्याला लावू नका. त्याच सेलमध्ये १ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिशाचं १०० मायक्रोलिटर द्रावण टाका, म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅमची भर पडली. शिखर दुप्पट झालं? मग सेलमध्ये आधीचे १० होते, आणि निम्मा बफर असल्याने पाण्यात २०. खात्रीसाठी अजून दोनदा भर टाकून रेषा सरळ येते का पाहा.

भर टाकूनही शिखर वाढत नसेल तर तांब्याचा संशय घ्या. केळीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक मारतात आणि फवारणीचा पंप बोअरपाशीच धुतात. तांब्याला बांधून ठेवायला किंचित पोटॅशियम फेरोसायनाइड टाकून तोच रन पुन्हा घ्या.