शेल्टरमधला भित्रा कुत्रा दत्तक घेताय? या चुका टाळा

दत्तक घेण्यासाठी शेल्टरमध्ये येणाऱ्या माणसांचे लक्ष साहजिकच जाळीवर पुढचे पाय टेकून शेपटी हलवणाऱ्या कुत्र्याकडे जाते, आणि मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला कुत्रा महिनोन्‌महिने तिथेच राहतो. म्हणून एखादे कुटुंब त्या कोपऱ्यातल्या कुत्र्याची निवड करते तेव्हा मला मनापासून आनंद होतो. मात्र अशांपैकी काही कुत्री थोड्याच दिवसांत परत आणली जातात, आणि त्याची कारणे इतकी ठरावीक असतात की फोन आला की मला ती आधीच कळतात: हात लावू देत नाही, पलंगाखालून बाहेर येत नाही, आमच्यासमोर जेवत नाही. यांतले एकही कारण कुत्र्याचा दोष सांगत नाही. घाई कुटुंबाची असते आणि तिची किंमत कुत्रा मोजतो, कारण परत आलेला कुत्रा पहिल्यापेक्षा अधिक बुजलेला असतो.

सैल पट्टा आणि पहिल्याच संध्याकाळचा फेरफटका

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. घरातली मंडळी हौसेने नवा पट्टा आणतात, गळ्याला काचू नये म्हणून तो सैल बांधतात आणि संध्याकाळी कुत्र्याला रस्त्यावर नेतात. आपल्या गावठी कुत्र्याचे तोंड निमुळते आणि मान मजबूत असते. बांधलेला कुत्रा घाबरला की बहुतेक वेळा आधी मागे रेटा देतो, आणि तसा रेटा देताच सैल पट्टा कानांवरून अलगद निघून येतो.

कोथरूडमधल्या एका कुटुंबाने आमच्याकडची बदामी रंगाची, अतिशय बुजरी कुत्री नेली होती. माणसे भली होती. मी हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, आणि गळ्याचा पट्टा दोन्ही बांधून, दोन वेगळ्या दोऱ्या लावून दिल्या होत्या, आणि पहिले काही आठवडे तिला इमारतीखाली नेऊ नका असे बजावले होते. दुसऱ्याच दिवशी घरातल्या तरुण मुलाला ती शांत झाली आहे असे वाटले, म्हणून त्याने हार्नेस काढून ठेवला आणि मित्रांना दाखवण्यासाठी तिला नुसत्या पट्ट्यावर खाली नेले. सोसायटीच्या फाटकाशी एका मोटारसायकलचा सायलेन्सर फटकन वाजला, ती मागे सरली आणि रिकामा पट्टा मुलाच्या हातात राहिला.

खरे नुकसान त्यानंतर झाले. आठ-दहा जण तिच्या नावाने हाका मारत तिच्यामागे धावले, आणि ते नाव तर तिला आदल्या दिवशीच मिळाले होते. रात्री टॉर्च आणि दुचाकी घेऊन शोध सुरू राहिला. माणसे मागून येत होती, आणि प्रत्येक गल्लीतली कुत्री तिला आपल्या हद्दीतून हाकलत होती, त्यामुळे ती घरापासून दूर दूर ढकलली गेली आणि टेकडीच्या पायथ्याशी एका अर्धवट बांधकामात जाऊन लपली. आम्ही तिथे पोहोचल्यावर सर्वांत आधी सगळ्यांना घरी पाठवले. शेल्टरमध्ये ती ज्या गोणपाटावर झोपत असे ते तिथे अंथरले, रोज ठरलेल्या वेळी उकडलेले चिकन ठेवून मागे न पाहता निघून जायचे असे ठरवले, आणि तिथल्या वॉचमनला फक्त लांबून लक्ष ठेवण्याची विनंती केली. ती नियमित खाऊ लागल्यावर तिथे पिंजरा आणला, पण त्याचे दार उघडेच बांधून ठेवले. खाणे रोज थोडे थोडे आत सरकवत नेल्यावर, एका सकाळी ते दार मिटले. तेव्हा तिच्या अंगावर गोचिडांचे थर होते आणि मागचा पाय खरचटून सुजला होता. त्या कुटुंबाने तिला पुन्हा घरी नेले, आणि आजही तो मुलगा तिला दोन दोऱ्यांवरच फिरवतो.

म्हणून माझा आग्रह ऐकायला कितीही जाचक वाटला तरी मी तो सोडत नाही. हार्नेस आणि नीट बसणारा पट्टा अशा दोन्हींना स्वतंत्र दोऱ्या असाव्यात. मी स्वतः एक दोरी कमरेला बांधते आणि दुसरी हातात धरते. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतकीच जागा ठेवावी आणि त्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून असावा. शेल्टरमधून आणताना गाडीचे दार उघडण्यापूर्वी दोऱ्या हातात घ्याव्यात, आणि घरात बेल वाजली तर आधी कुत्र्याच्या खोलीचे दार लावून मगच बाहेरचे दार उघडावे. बाल्कनीला जाळी नसेल तर ती खोली त्याला देऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे शी-शूसाठी बंदिस्त गच्ची किंवा वर्तमानपत्रे अंथरलेले न्हाणीघर पुरते. कुत्रा निसटलाच, तर पाठलाग करू नये, कारण प्रचंड घाबरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही टाळतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही दत्तक घेतलेला भटका कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे.

गप्प बसला म्हणजे रुळला असे नव्हे

“फारच गुणी आहे हो, दिवसभर एका जागी बसून असतो, मुलांनी कितीही कुरवाळले तरी काही करत नाही,” असे कौतुक पहिल्या आठवड्यात ऐकले की मला काळजी वाटते. पळायला वाट नसली की अनेक भित्री कुत्री थिजून जातात. शरीर जमिनीला चिकटलेले, शेपटी पोटाखाली, कान मागे, अन्न समोर असूनही तोंड मिटलेले आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आहे, असा कुत्रा सहन करत असतो. झोप आलेली नसताना जांभया देणे, वारंवार ओठ चाटणे आणि मान वळवून घेणे हे त्याचे नकार आहेत. ते नकार कोणी वाचलेच नाहीत तर तो गुरगुरतो, गुरगुरण्याबद्दल ओरडा बसला तर पुढच्या वेळी न गुरगुरताच चावतो, आणि मग लोक म्हणतात की काही कारण नसताना चावला. त्याला पलंगाखालून ओढून बाहेर काढताना झालेले चावेही याच प्रकारातले आहेत. चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

एका रात्रीत बदललेल्या कुत्र्यांचे व्हिडिओ पाहून आलेल्या माणसांना हे पटवणे फार कठीण जाते. त्या व्हिडिओंत मधले महिने कापलेले असतात. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या काळात माणूस, घर, पंखा, जिना यांची ओळख झाली नाही, तर पुढे यांतली प्रत्येक गोष्ट त्याला धोका वाटू शकते. “याला कोणीतरी खूप मारले असणार” असे आपण लगेच ठरवतो, पण पुष्कळदा त्याला कोणी मारलेले नसते. तो माणसांजवळ कधी राहिलेलाच नसतो. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा रुळण्याचा एक अंदाज शेल्टरमध्ये सांगितला जातो. अतिशय बुजऱ्या कुत्र्याला त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि काही कुत्री पाहुण्यांना आयुष्यभर टाळतात. तेही चांगले आयुष्य असू शकते.

मी नव्या कुटुंबाला एवढेच करायला सांगते की त्याला वर्दळ नसलेला एक कोपरा द्यावा, तो कोपरा कोणी ओलांडू नये, आणि दिवसातून दोनदा घरातल्या एकाने त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, थोड्या अंतरावर जमिनीवर बसून वर्तमानपत्र हलक्या आवाजात वाचावे. एका घरात आजोबांनी हे काम अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत निष्ठेने केले, आणि त्या घरात कुत्रा सर्वांत आधी आजोबांजवळच गेला. हातातला खाऊ दाखवून त्याला जवळ ओढण्याची युक्ती मला मान्य नाही. भुकेपोटी तो मान ताणून येतो, खाऊ संपताच हात अंगाशी आहे हे त्याच्या लक्षात येते आणि तो दुप्पट दचकतो. त्याऐवजी खाऊचा तुकडा त्याच्या पलीकडे, आपल्यापासून दूर टाकावा. जवळ आल्यावर परत जाता येते याची खात्री पटली की तो आपणहून अधिक जवळ येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. गोचीड असतील तर पशुवैद्यांकडून गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध घ्यावे, आणि ताप, मरगळ किंवा फिकट हिरड्या दिसल्यास गोचीडतापासाठी रक्त तपासावे. दूध-पोळीने अनेकांना जुलाब होतात, तेव्हा शेल्टरमधलेच खाणे काही दिवस चालू ठेवावे. भटक्या कुत्र्याच्या कानाला पाडलेली खाच त्याचे निर्बीजीकरण झाल्याचे सांगते. लसीकरणाचा कागद मात्र वेगळा मागून घ्यावा. महापालिकेचा परवाना काढावा. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. दोन भित्री भावंडे एकत्र नेण्यापेक्षा घरात आधीच एखादा शांत, धीट कुत्रा असेल तर त्याची फार मदत होते.

गणपती किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भित्रा कुत्रा घरी नेण्याचा हट्ट मी सरळ नाकारते. ढोल-ताशा आणि फटाके यांत पहिला आठवडा गेला तर भीती त्या घरालाच चिकटते. तो आधीपासून घरात असेल तर आतली खोली, बंद खिडक्या आणि पंख्याचा सलग आवाज यांची तयारी ठेवावी, आणि औषधाबद्दल पशुवैद्यांशी पंधरा दिवस आधी बोलावे. केवळ गुंगी आणणारे औषध पुरत नाही, कारण त्याने शरीर सुस्त होते पण भीती तशीच राहते.

एवढे करूनही कधी कधी जमत नाही. तान्हे बाळ, आजारपण, घरातल्यांचा विरोध ही कारणे खरी असतात, आणि त्यासाठी कोणाला लाजवण्याची माझी इच्छा नाही. मात्र कुत्रा परस्पर कोणाला देऊ नये किंवा “मूळचा रस्त्यावरचाच आहे” म्हणून सोडून देऊ नये. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शेल्टरला फोन करावा, आणि परत आणताना तो कोणत्या आवाजाला दचकतो, कोणाजवळ बसतो, कधी खातो आणि कोणत्या अंतरावर थिजतो हे एका कागदावर लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या कुटुंबाला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागणार नाही.