मंगळाच्या टेबलाची तयारी

मुलांनो, यंदा २८ फेब्रुवारीच्या प्रदर्शनात आपलं टेबल मंगळप्रवासाचं आहे. रॉकेटच्या प्रतिकृतीत वेळ घालवू नका. यानातली हवा-पाण्याची यंत्रणा दाखवा, आणि ती बंद पडली तर काय करायचं ते करून दाखवा.

आधी एखाद्या घरून पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं निकामी झालेलं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, मागून आणा. बोअरच्या पाण्यावर चाललेलं मिळालं तर उत्तम, आणि लातुरात ते मिळेलच. सरांकडून उभं कापून घ्या, थर उलगडा, पांढरा क्षार लोकांना नखाने खरवडू द्या. शेजारी तक्ता लावा: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात लघवीचं पाणी करणारं यंत्र २००८ मध्ये बसवलं आणि पुढच्याच वर्षी कॅल्शियम सल्फेटने चोंदलं. तिथे हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं. लघवीत मिसळायचं सल्फ्युरिक आम्ल बदलून फॉस्फोरिक घेतलं, तेव्हा खडे धरणं आटोक्यात आलं. आता ९८ टक्के पाणी परत मिळतं. हा आकडा ठळक लिहा, पण चोंदल्याची हकीकत आधी सांगा.

ऑक्सिजनसाठी नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं आणि पाण्यात खायचा सोडा. मीठ मुळीच नको, क्लोरीन सुटतो. हायड्रोजनही निघतो, म्हणून काडेपेटी लांब. चुन्याची निवळी घट्ट बुचाच्या बाटलीत न्या. नळीने हलकं फुंकलं की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. स्थानकात हा वायू जिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे मणी शोषतात, आणि त्याच मण्यांचा भुगा व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

सुट्या भागांची पेटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकाच मापाचे दोन पंप, वायसर, टेफ्लॉन टेप, पाना, पक्कड. मापाचा आग्रह उगाच नाही: १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानावर कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल जागेला जोडायला प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लागली होती. तुमच्यातल्या प्रत्येकाला पंप खोलून वायसर बदलता आला पाहिजे.

कुणीतरी विचारेलच, सामान संपलं तर? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आपल्याकडे पाणी आलं. स्थानकालाही मालवाहू यान गाठतं. मंगळाला निघालेल्यांना मात्र जाऊन-येऊन जवळपास तीन वर्षं सोबतच्या पेटीवरच काढायची आहेत.

पंप आदल्या दिवशी तासभर चालवून पाहा. काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, ते वहीत लिहा आणि ती वही टेबलावर उघडीच ठेवा.